जवळ्याएवढ्या जिवामागे: पुणे ते अंटार्क्टिका

निघण्याआधी, पुणे

तीस वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. संधिपाद प्राण्यांचा धडा आला की दरवर्षी फळ्यावर लिहायचे: युफॉसिया सुपर्बा, अंटार्क्टिक क्रिल, कोळंबीसारखा दिसणारा छोटासा समुद्री जीव. मुलांना दाखवायला प्रयोगशाळेत एक बरणी होती, फॉर्मलिनमध्ये पांढराफटक पडलेले चार नमुने. ज्याच्यावर पेंग्विन, सील आणि देवमासे जगतात त्या जिवाची माझी ओळख एवढीच. निवृत्तीच्या पैशातून एकदा त्याच्या घरी जाऊन यायचं हे मनात पक्कं होतं. हिंजवडीत नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मावशी, मी येतो बरोबर," आणि फेब्रुवारीची तारीख ठरली.

फेब्रुवारीच का, असं अनेकांनी विचारलं. डिसेंबरात बर्फ स्वच्छ असतो आणि पेंग्विन अंड्यांवर बसलेले असतात. मला पिल्लांना भरवताना बघायचं होतं आणि देवमासेही हवे होते. ते फेब्रुवारी-मार्चमध्ये जास्त दिसतात.

आमच्या सोसायटीतले एक काका हवामान खात्यातून, शिमला ऑफिसातून, निवृत्त झालेत. त्यांनी अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री केंद्रावर एक अख्खा हिवाळा काढलाय. चहाला बोलावून त्यांनी माझी सगळी यादी तपासली. "थंडीचं काही नाही गं, वाऱ्याचं बघ. आणि गॉगल चांगला घे, स्वस्तातला नको." मैत्री किनाऱ्यापासून बरीच आत, खडकाळ भागात आहे, त्यामुळे त्यांनी समुद्रातलं जीवन फारसं पाहिलेलं नाही. मी निघताना काका म्हणाले, "माझ्या वाटचे देवमासे बघून ये."

दिवस १ आणि २: उश्वाया

मुंबईहून ब्वेनोस आयरेस आणि तिथून उश्वाया, अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाचं बंदर. एका विमान कंपनीने आमची एक बॅग मागेच ठेवली. जहाज सुटायला चार तास असताना ती आली. त्यामुळे जाणाऱ्यांना पहिला सल्ला: लोकरीचे कपडे, औषधं, दुर्बीण आणि चष्म्याची दुसरी जोडी पाठीवरच्या पिशवीतच ठेवा. जाड जॅकेट आणि गमबूट बऱ्याच जहाजांवर मिळतात, ते आधी विचारून घ्या. आम्ही लक्ष्मी रोडवरून घेतलेला एक जाड कोट उगाचच पृथ्वीप्रदक्षिणा करून आला.

उश्वाया टुमदार आहे. डोंगर थेट गावात उतरतात आणि रात्री दहापर्यंत उजेड असतो. तिथला मोठा खेकडा, सेंतोया, मी मनापासून खाल्ला. भाचा शाकाहारी, त्याने मक्याचं सारण भरलेल्या एम्पानाडांवर दोन दिवस आनंदात काढले.

दिवस ३ आणि ४: ड्रेक

ड्रेक सामुद्रधुनी, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला समुद्र, साधारण आठशे किलोमीटरची. पहिल्या रात्री लाटा चार-पाच मीटरच्या होत्या. गोळी लाटा सुरू व्हायच्या आधी घ्यायची, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी हवा एकदम बोचरी झाली, धुकं आलं आणि समुद्राच्या पाण्याचं तापमान काही तासांत दोन-तीन अंशांनी उतरलं. दक्षिणेचं थंड पाणी उत्तरेच्या पाण्याखाली शिरतं ती ही रेषा. क्रिलचं राज्य इथून सुरू होतं.

जहाजावर एक चिलीची सागरी जीवशास्त्रज्ञ होती. तिने पेंग्विन मोजण्यात कितीतरी उन्हाळे घालवलेत. ड्रेकमधलं तिचं व्याख्यान मी वहीत उतरवून घेतलं, कारण पुढचे सगळे दिवस मला त्यामुळे समजले.

समुद्रातला क्रिल कसा मोजायचा? संशोधन जहाजं पाण्यात ध्वनिलहरी सोडतात आणि परत येणारा प्रतिध्वनी ऐकतात. ३८ आणि १२० किलोहर्ट्झ अशा दोन लहरींना क्रिल वेगवेगळं उत्तर देतो, मासे वेगळं देतात. त्या फरकावरून थवा कोणाचा ते ओळखायचं आणि जाळं टाकून खात्री करायची. दक्षिण अटलांटिकच्या पट्ट्यात २००० साली अशी मोठी पाहणी झाली, तेव्हा सुमारे ६ कोटी टन क्रिल असल्याचा अंदाज निघाला. २०१९ च्या पाहणीतही आकडा जवळपास तेवढाच, ६ कोटी २६ लाख टन. पण इतकी जहाजं इतक्या मोठ्या समुद्रात दरवर्षी नेता येत नाहीत. मग मधल्या वर्षांत काय करायचं?

खाणाऱ्यांना विचारायचं.

दक्षिण महासागरातल्या सजीवांच्या जतनाचा करार १९८२ मध्ये लागू झाला. त्याचं कार्यालय ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला आहे आणि भारतही त्याचा सदस्य आहे. या कराराखाली १९८५ मध्ये परिसंस्था-निरीक्षणाचा कार्यक्रम ठरला. क्रिलवर जगणारे काही पक्षी आणि फर सील निवडले आणि सगळ्या देशांनी एकाच पद्धतीने त्यांची मोजदाद करायची असं ठरवलं. पेंग्विन वसाहतीत परत आले तेव्हा त्यांचं वजन किती, घरटी किती, आई-बाप अन्नासाठी समुद्रात किती तास घालवतात, पिल्लाच्या पोटात काय, घरट्यामागे किती पिल्लं जगली, समुद्रात उतरताना पिल्लाचं वजन किती.

यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की प्रत्येक मोजमाप वेगळ्या काळाबद्दल बोलतं. पेंग्विनची समुद्रातली फेरी लांबली तर या आठवड्यात जवळपास क्रिल कमी आहे. पिल्लाचं वजन सगळ्या उन्हाळ्याबद्दल सांगतं. घरट्यांची संख्या मागच्या कित्येक हिवाळ्यांचा हिशेब मांडते. आणि खरा कठीण प्रश्न पुढे आहे: बदल दिसला तर तो मासेमारीमुळे की बर्फ कमी झाल्यामुळे? हे वेगळं करता यावं म्हणूनच हा कार्यक्रम आखला. ते अजूनही सोपं झालेलं नाही, हे तिने स्पष्ट सांगितलं.

मी तिला सांगितलं की आपल्या 'सागर संपदा' जहाजानेही १९९५-९६ मध्ये क्रिलसाठी मोहीम केली होती. तिला ते माहीत नव्हतं, तिने लिहून घेतलं.

त्याच संध्याकाळी सक्तीची सफाई झाली. बुटांच्या खाचा, वेल्क्रो, खिशांची शिवण, सगळं व्हॅक्यूमने साफ करून तपासून घ्यायचं. माझ्या पाठपिशवीच्या वेल्क्रोत सिंहगडावरचं कुसळ निघालं. सरावासाठी महिनाभर दर रविवारी गड चढले होते, तिथलंच. ते चिमट्याने काढून डबीत बंद केलं. जाणाऱ्यांनी हे काम पुण्यातच, घरी, सुई आणि टॉर्च घेऊन करावं.

दिवस ५: हाफ मून बेट

पहिलं पाऊल जमिनीवर. चिनस्ट्रॅप पेंग्विन, हनुवटीखाली काळी बारीक रेघ. नियम कडक आहेत: एका वेळी किनाऱ्यावर शंभरच माणसं, पेंग्विनपासून पाच मीटर दूर, त्यांची वाट अडवायची नाही. बर्ड फ्लूचा विषाणू २०२४ मध्ये अंटार्क्टिक द्वीपकल्पापर्यंत पोचला, तेव्हापासून जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, पिशवीही ठेवायची नाही. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी काठी मागून घ्यावी, जहाजावर असते.

शास्त्रज्ञ बाईंनी मला हातातला मोजणीचा क्लिकर दिला आणि म्हणाल्या, या कड्यावरची पिल्लं मोजा. घरटी उन्हाळ्याच्या सुरुवातीला मोजतात आणि पिल्लं आता, ती घोळक्याने उभी राहायला लागली की. पहिल्यांदा ५४ आली. दुसऱ्यांदा ६३. तिसऱ्यांदा ६१. त्यांचा दंडक असा की तीन मोजण्या एकमेकींच्या पाच टक्क्यांच्या आत हव्यात. पहिली मोजणी बाद झाली. चौथ्यांदा ६२. वारा डोळ्यांत पाणी आणत होता, पिल्लं एकमेकांमागे दडत होती, आणि एका कड्यासाठी पाऊण तास गेला. अशी कितीतरी ठिकाणं, दरवर्षी, चाळीस वर्षं कोणी ना कोणी उभं राहून मोजतंय. टीव्हीवरच्या एका वाक्यातल्या बातमीमागे किती थंड बोटं असतात ते मला त्या कड्यावर कळलं.

दिवस ६: कव्हरव्हिल बेट

बेट दिसायच्या आधी वास येतो. जेंटू पेंग्विनांची ही फार मोठी वसाहत. बर्फावर सगळीकडे गुलाबी रंग सांडलेला, ती त्यांची विष्ठा. तो रंग क्रिलचा. हाच डाग उपग्रहातूनही दिसतो. २०१८ साली डेंजर बेटांवरच्या साडेसात लाख जोड्या ॲडेली पेंग्विनांची गणना जगासमोर आली, त्यांचा पत्ताही आधी अवकाशातून दिसलेल्या डागांवरूनच लागला होता.

आम्ही एका जागी तासभर उभे राहिलो, आणि ते सार्थकी लागलं. एक जेंटू समुद्रातून वर आली, छाती ओली चकचकीत. दोन पिल्लं ओरडत तिच्या मागे लागली. ती भरवायच्या ऐवजी पळायला लागली! दगडांवरून, चिखलातून, पुढे आई आणि मागे दोन पिल्लं. एक पिल्लू घसरून मागे राहिलं, दुसरं चिकाटीने पळत राहिलं. आई थांबली, वाकली, पिल्लाने चोच तिच्या घशात घातली. चोच बाहेर आली तेव्हा कडेने गुलाबी लगदा ओघळला आणि तीन-चार क्रिल बर्फावर पडले. दुर्बिणीतून मला त्यांचे काळे टपोरे डोळे दिसले. तेवढ्यात दगडांमागून पांढरा शीथबिल पक्षी तुरुतुरु आला आणि एकेक करून ते टिपून गेला. बर्फावर फक्त ओला गुलाबी ठिपका उरला.

भाचा हळूच म्हणाला, "मावशी, तुझी बरणी."

दिवस ७: विल्हेल्मिना उपसागर

या दिवसासाठी सगळा प्रवास केला असं आता वाटतं.

सकाळी पाणी आरशासारखं होतं. वारा शून्य, तापमानही शून्याच्या आसपास, डोंगरांची उलटी चित्रं पाण्यात. कप्तानाने आम्हाला दोन-दोनच्या गटाने वर बोलावलं. पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर तळाची रेघ खूप खाली होती आणि वरच्या बाजूला साधारण चाळीस मीटरवर एक जाड पट्टा. "क्रिल," शास्त्रज्ञ बाई म्हणाल्या. पट्टा सरकत होता, मध्येच तुटत होता, पुन्हा जुळत होता. आमच्या पायाखाली लाखो जीव होते आणि वर पाण्याला सुरकुती नव्हती.

मग आम्ही रबरी बोटींतून उतरलो. आमची बोट वनस्पती-प्लवकांचे, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे, नमुने घेणारी होती. द्वीपकल्पाच्या खाड्यांमधली हिमनदी वितळून गोडं पाणी वाढतंय, त्याने प्लवक कसे बदलतात हे बघायला शास्त्रज्ञ प्रवाशांची मदत घेतात. बारीक जाळी पाण्यात सोडायची, ओढायची, बाटलीत भरायचं. बोटं बधिर होतात, आत पातळ हातमोजा हवाच. आमच्या जाळीत चुकून एक कोवळा क्रिल आला, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढा.

काचेच्या भांड्यात तो दोन मिनिटं होता. बरणीतला तो पांढरा नमुना आणि हा, यांचं नातं सांगून पटलं नसतं. अंग काचेसारखं, त्यावर लाल ठिपके, आणि डोक्यामागे हिरवीगार गाठ: त्याने नुकतेच खाल्लेले प्लवक, त्वचेतून स्पष्ट दिसणारे. पुढचे पाय केसाळ, ते उघडून टोपलीसारखे पसरायचे आणि मिटायचे. उघडायचे, मिटायचे. पाणी गाळून तो जेवत होता, आमच्या भांड्यातसुद्धा. हा वाढून सहा सेंटिमीटरचा होतो, वजन फार तर दोन ग्रॅम, आणि पाच-सहा वर्षं जगतो. त्याची अंडी शेकडो मीटर खोल बुडत जातात, तिथे फुटतात आणि न खाता-पिता पिल्लू पुन्हा वर पोहत येतं. पहिल्या हिवाळ्यात ते बर्फाच्या खालच्या बाजूला चिकटलेलं शेवाळ खरवडून जगतं. म्हणून बर्फ महत्त्वाचा. २०२३ च्या हिवाळ्यात अंटार्क्टिकाभोवती समुद्राचा बर्फ उपग्रहांच्या नोंदींतला सगळ्यात कमी होता. त्या वर्षीच्या पिल्लांचं काय झालं असेल, हा विचार ते भांडं हातात असताना मनातून जाईना. आम्ही त्याला सोडून दिलं.

अर्ध्या तासाने पाण्यावर बुडबुड्यांचं वर्तुळ उमटलं. नाविकाने इंजिन बंद केलं. वर्तुळ पूर्ण झालं आणि मधोमध दोन हंपबॅक देवमासे तोंड वासून वर आले. वरच्या जबड्याला लोंबणारी झालर, घशाच्या फुगलेल्या पन्हाळी, आणि मग सगळं पाणी गाळून बाहेर. त्यांचा श्वास आमच्या अंगावर आला: सडक्या माशांचा, गरम, ओला. नंतर एकाने शेपटी वर उचलली. भाच्याने तिच्या खालच्या बाजूचा फोटो घेतला. हंपबॅकच्या शेपटीखालची काळी-पांढरी नक्षी आपल्या बोटांच्या ठशांसारखी असते, आणि असे फोटो जगभरातून जमवून त्यांचा माग ठेवला जातो. तो बुडाला तिथे पाण्यावर लालसर-तपकिरी ढग पसरला. देवमाशाची विष्ठा. त्यातलं लोह प्लवकांना मिळतं, प्लवक क्रिलला मिळतात. वर्गात हे चक्र मी बाणांनी काढायचे.

परत येताना हिमखंडावर तीन क्रॅबइटर सील झोपले होते. नाव खेकडे खाणारा, पण खातो क्रिल. त्याच्या दाढांना असे कंगोरे असतात की मिटल्यावर चाळणी होते.

जेवणघरात काम करणारा एक मुलगा गोव्याचा होता. पहिल्या दिवसापासून माझ्याशी मराठीत बोलायचा, भाच्यासाठी रोज वेगळं वरण करून आणायचा. त्याला मी मोबाइलवर भांड्यातल्या क्रिलचा फोटो दाखवला. तो हसून म्हणाला, "बाई, हा तर आमचा गालमो!" गोव्यात जवळ्याला गालमो म्हणतात. त्याची आई पावसाळ्यासाठी सुकवून ठेवते. माझं माहेर रत्नागिरीकडचं, आमच्याकडेही माळ्यावर जवळ्याचा डबा असायचा. जवळा आणि क्रिल जवळचे नातेवाईक नाहीत, पण त्या रात्री आम्ही दोघं कांद्यात परतलेल्या जवळ्याबद्दल खूप वेळ बोललो.

दिवस ८: पोर्ट लॉकरॉय

१९४४ चं ब्रिटिश तळाचं लाकडी घर, आता संग्रहालय आणि पोस्ट. काकांना पत्र टाकलं. इथल्या जेंटूंवर १९९६ पासून नजर आहे: बेटाचा एक भाग पर्यटकांना खुला, दुसरा बंद, आणि दोन्हीकडे किती पिल्लं जगतात याची तुलना. आपल्या येण्याने त्यांचं काही बिघडतं का हे दरवर्षी तपासलं जातं. हा प्रामाणिकपणा मला फार भावला.

दुपारी लमेर खाडीतून पीटरमन बेटाजवळ गेलो. ॲडेली पेंग्विन जेमतेम काही दिसले. बहुतेक पिल्लं समुद्रात गेली होती. पण कारण तेवढंच नाही, या भागात ॲडेली कमी होताहेत आणि जेंटू दक्षिणेकडे सरकताहेत. जेंटूला मासेही चालतात आणि बर्फ नसला तरी चालतो.

दिवस ९: डिसेप्शन बेट

ज्वालामुखीच्या पोटात जहाज शिरतं. काळ्या वाळूवर गंजलेल्या प्रचंड टाक्या. १९१२ ते १९३१ इथे देवमाशांची चरबी उकळत होते. वाळूत पाठीच्या मणक्यांची हाडं अजून आहेत. परवा पाहिलेली ती शेपटी आठवली आणि मी तिथे फार वेळ थांबले नाही.

बाहेर ब्रान्सफील्ड सामुद्रधुनीत क्षितिजावर एक मोठं जहाज दिसलं. क्रिल पकडणारं. त्याचं तेल कॅप्सूलमध्ये जातं, पूड मत्स्यशेतीच्या खाद्यात. दक्षिण अटलांटिकच्या या पट्ट्यात वर्षाला ६ लाख २० हजार टनांची मर्यादा आहे, म्हणजे अंदाजे साठ्याच्या एक टक्का. ऐकायला थोडं वाटतं. पण क्रिल सगळीकडे सारखा नसतो आणि जहाजंही नसतात. जिथे थवा दाट तिथेच पेंग्विन, तिथेच देवमासे, तिथेच जाळी. म्हणून ही मर्यादा भागांमध्ये वाटून दिली होती, द्वीपकल्पाच्या वाट्याला १ लाख ५५ हजार टन. ती वाटणी २०२४ मध्ये संपली आणि नवीन ठरवण्यावर देशांचं एकमत झालं नाही. २०२५ मध्ये पूर्ण ६ लाख २० हजार टन ऑगस्ट उजाडायच्या सुमारालाच पकडून झाले आणि मासेमारी बंद करावी लागली. होबार्टला सगळे निर्णय एकमताने होतात, एकाही देशाने नाही म्हटलं की अडतं. तिथल्या टेबलावर आपला देशही बसतो. वाटणी परत आणावी यासाठी भारताने जोर लावावा, असं मला फार वाटतं, आणि इथे ते लिहून ठेवते.

दिवस १० आणि ११: परत

ड्रेक शांत होता. लोक झोपले, मी वही पूर्ण केली. एक शेवटचा सल्ला: देवमाशाच्या शेपटीचा फोटो काढला असेल तर तारीख, वेळ आणि जागा त्याच दिवशी लिहा. घरी आल्यावर आठवत नाही.

पुण्यात

भाच्याने शेपटीचा फोटो माग ठेवणाऱ्यांना पाठवला होता, त्याला मार्चच्या शेवटी ईमेलवर उत्तर आलं. शेपटी जुळली होती. तोच देवमासा काही वर्षांपूर्वी कोलंबियाच्या किनाऱ्याजवळ कोणीतरी टिपला होता, जिथे द्वीपकल्पाचे हंपबॅक पिल्लं द्यायला जातात. खाली दोनच नोंदी: एक ती, दुसरी आमची.

भाच्याने दोन्ही फोटो एका कागदावर छापून आणले. काका चहाला आले होते. चष्मा लावून त्यांनी शेपटीच्या डाव्या कोपऱ्यातला ओरखडा आधी एका फोटोत शोधला, मग दुसऱ्यात. बराच वेळ बघत बसले.

"आता कुठे असेल गं हा?"

"अजून तिथेच असेल, काका. खात असेल. बर्फ धरायला लागला की निघेल उत्तरेला."